माळावर अंजन गवत लावताना

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यातला आमचा माळ म्हणजे वर वीतभर मुरमाड माती आणि खाली खडक. ज्वारी टाकली तर घातलेलं बियाणं तरी निघेल का, याची शाश्वती नाही. आमच्याच जिल्ह्यात खानापूरकडे पाऊस झोडपून काढतो, आणि आमच्याकडे मृगाचे ढग नुसते तोंड दाखवून जातात. उन्हाळ्यात कडबा विकत घ्यायची वेळ ठरलेली. शेवटी घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं, या तुकड्यात पीक नको, अंजन हे चाऱ्याचं गवत लावू. कुणी याच विचारात असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

खरी अडचण बियाण्याची. अंजनाचं बी कापसासारखं हलकं, भोवती मऊ कुसळं. सदऱ्याला चिकटतं, मेंढरांच्या लोकरीला चिकटतं, एकमेकांतही गुंततं. पहिल्यांदा एका दुकानातून आणलेलं बी उगवलंच नाही, कारण ते त्याच हंगामातलं ताजं होतं. अंजनाचं ताजं बी सुप्तावस्थेत असतं. काढल्यावर निदान सहा-आठ महिने कोरड्या जागी ठेवलं तरच नीट उगवतं. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं. आमचा अख्खा पावसाळा गेला. झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं एक केंद्र आपल्या जवळ, धारवाडला आहे. बियाण्याची चौकशी आधी तिथं करावी, आणि बी कधी काढलेलं आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एकरी दोन किलो बी पुरतं. पण नुसतं फेकलं तर वाऱ्याने बांधापलीकडे जातं. म्हणून चिकणमाती, शेण आणि थोडी वाळू ओलसर कालवून त्यात बी मिसळलं, हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या आणि सावलीत वाळवल्या. हे काम आई, बायको आणि शेजारच्या आक्कांनी पडवीत बसून केलं. घाई केली की गोळी फुटते. पहिला चांगला पाऊस झाल्यावर दोन-दोन फुटांवर उथळ ओळी ओढून गोळ्या टाकल्या आणि वरून जेमतेम माती सारली. खोल गाडलं तर कोंब वर येत नाही. मधल्या ओळींत स्टायलो टाकला; तो शेंगवर्गातला, चाराही देतो आणि जमिनीला नत्रही.

रोपं दिसू लागली तेव्हा मी फोटो पाठवले. भाची अमेरिकेत अॅरिझोनात, टूसानला असते. तिचा लगेच फोन आला, "मामा, तुम्ही हे पेरताय? इथं लोक सुट्टीच्या दिवशी पहारी घेऊन डोंगरावर हेच गवत उपटायला जातात!" तिने जे सांगितलं ते ऐकून मी खरोखर घाबरलो. 1930-40 च्या दशकांत तिथल्या सरकारी मृदसंधारण खात्याने धूप थांबवायला आणि गुरांना चारा म्हणून हे गवत आणलं. ते वाळवंटात पसरलं. तिथली झाडं एकमेकांपासून लांब वाढतात, मध्ये उघडी जमीन असते, त्यामुळे पूर्वी आग लागली तरी फार पुढे जात नसे. अंजनाने ती मोकळी जागा भरून टाकली. आता वणवा सलग पळतो, शंभर-दीडशे वर्षांचे सग्वारो निवडुंग होरपळून मरतात, आणि अंजन मात्र बुंध्यातून पुन्हा फुटतं. अॅरिझोनाने 2005 मध्ये त्याला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलं.

आपल्याकडे तसं होईल का, हा प्रश्न मी मनात ठेवून दिला नाही, माहितगारांना विचारत राहिलो. आफ्रिका, अरबस्तान आणि भारत हे अंजनाचं मूळ घर. इथं त्याला खाणारी गुरं, मेंढरं आहेत. आपल्याला छळतं ते काँग्रेस गवत, ज्याला जनावर तोंड लावत नाही. पण आगीची गोष्ट मात्र इथंही खरी आहे. फाल्गुन-चैत्रात गायरान पेटवायची आमच्याकडे जुनी सवय, नवा फुटवा लवकर येतो म्हणून. त्यात बोर, बाभूळ, लिंबाची कोवळी रोपं जळून जातात आणि गवत तेवढं परत येतं.

म्हणून आम्ही पेटवणं बंद केलं. अंजन फुलोऱ्यात आलं की कापायचं. तेव्हा ते सकस असतं, बी धरलं की काडी होते. वाळवून गंजी रचायची. पहिल्या वर्षी चराई अजिबात नाही, मूळ धरेपर्यंत जनावराने ओढलं तर ठोंबच उपटून येतो. दरवर्षी येणाऱ्या धनगर अण्णांना हे सांगणं जड गेलं, त्यांची वाट आमच्याच माळावरून जाते. "एक पावसाळा थांबा, पुढच्या वर्षी बकरी इथंच बसवा," म्हटलं, त्यांनी मान दिला. ठरल्याप्रमाणे पुढच्या वर्षी कळप बसला, लेंड्याही जमिनीला मिळाल्या.

आता गवत गुडघ्याच्या वर येतं आणि कडबा पूर्वीसारखा विकत घ्यावा लागत नाही. बियाण्यापुरता एक कोपरा राखलाय, बाकी कुठंही बी पिकू देत नाही. आमच्या तुकड्याला लागून गायरान आहे आणि तिथं अजून काडी ओढली जाते. मधला पट्टा होळीच्या आत कापून मोकळा करायचा, असं पंचायतीत मांडलंय. त्याला विळा धरणारी माणसं गोळा करतोय.