न वापरून गंजलेले ब्रेक आणि सहा हजार पन्नास रुपये

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी सोसायटीच्या चार्जरवर गाडी 100 टक्के झालेली, आईला मागे बसवलं आणि कासारवडवलीहून मीरा रोडला मावशीकडे निघालो. गायमुखचा घाट चढून पलीकडे उतरायला लागलो, पाऊस चालूच, पुढे कंटेनर, म्हणून रोजच्या सवयीने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर गाडी हळू व्हायचं नावच घेईना. मग ब्रेक दाबला. आधी काहीच नाही, आणि मग एकदम कर्रकन पकडला आणि स्टेअरिंग डावीकडे ओढलं गेलं. कंटेनरपासून दोन हातांवर थांबलो. आई काही बोलली नाही, फक्त पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसली होती, आणि तो हात मला अजून दिसतो.

पाय उचलल्यावर गाडी हळू का झाली नाही, ते नंतर नीट समजून घेतलं. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलट जनरेटरसारखी चालते, वीज बॅटरीत परत जाते आणि त्याच ओढीने गाडी हळू होते, यालाच रिजन म्हणतात. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवणार कुठे, म्हणून गाडी रिजन खूप कमी करते किंवा बंदच करते. म्हणजे फुल चार्ज करून लगेच घाट उतरताना सगळा भार खऱ्या ब्रेकवर येतो, आणि ते ब्रेक तर मी 38 हजार किलोमीटरमध्ये फारसे वापरलेच नव्हते!

घरी आल्यावर दोन रात्री मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी घर्षणाचे पॅड दाबून धरणारे चिमटे) असंच सगळं बघत बसलो. मनापासून हवं होतं ते. पण खर्च 70 हजारांच्या पुढे, वर मोठी डिस्क मावायला रिम मोठं घ्या, आणि कंपनीने ठरवलेल्या रचनेत असे बदल केले की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि इन्शुरन्स दोन्ही आडवे येऊ शकतात. मुख्य म्हणजे, जोरात ब्रेक दाबल्यावर माझ्या गाडीचं एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असेल तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्तच आहे ना, मग डिस्क कितीही मोठी लावा, ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबणार नाही. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग पुन्हापुन्हा जोरात ब्रेक मारून तापतात तिथे. माझे तर थंड पडून गंजले होते.

मग वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मामांनी आधी पुस्तकात बघून जॅकची जागा शोधली, कारण खाली सगळीकडे बॅटरी आहे, भलत्या ठिकाणी जॅक लावला तर संपलंच. नारिंगी केबलच्या जवळपासही कोणी हात नेला नाही, ती हाय व्होल्टेजची असते.

उजवं चाक काढलं आणि चित्र स्पष्ट झालं. डिस्कची बाहेरची बाजू बरी, पण आतली, जी रिमच्या भोकांतून कधीच दिसत नाही, तिच्यावर गंजाचा बोटभर रुंद पट्टा. आतला पॅड 4 मिमी आणि बाहेरचा 8 मिमी. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन जाम होती, मामांनी पान्याने फिरवून फिरवून काढली तेव्हा तिच्यावर ग्रीसच्या ऐवजी तपकिरी भुकटी. म्हणजे उजवं चाक नीट पकडतच नव्हतं, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. मामा म्हणाले, "साहेब, ही गाडी ब्रेक मारतच नाही, मग गंजणार नाही तर काय?"

माझ्या डिस्कवर किमान जाडी 20 मिमी कोरलेली आहे, वर्नियरने मोजली तर 21.2 भरली, म्हणून नव्या न घेता लेथवर हलका हात मारून घेतला. पिना साफ करून त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं पिवळं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पिन परत जाम होते. जुनं ब्रेक ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं निघालं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. डॉट 4 ऑइल कोरडं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 पर्यंत येते, आणि उकळलं की वाफेचे बुडबुडे होऊन पॅडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी.

खर्च लिहूनच टाकतो: पुढचे पॅड 2,600, ऑइल 700, पिना आणि रबर 450, लेथ 800, मजुरी 1,500. एकूण 6,050.

नवे पॅड घासून डिस्कवर नीट बसावेत म्हणून रविवारी पहाटे सहाला रिकाम्या सर्व्हिस रोडवर गेलो, रिजन शून्यावर केलं (माझ्या गाडीत मग पॅडच काम करतात) आणि 50 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारले, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं चालवून गार होऊ देत. शेवटच्या दोन वेळेला पॅडलखाली पकड बदललेली कळत होती, घट्ट आणि सरळ, स्टेअरिंग जागचं हललं नाही. आता दर आठवड्याला एकदा तरी रिजन शून्यावर ठेवून ऑफिसला जातो, आणि घाटाकडे जायचं असेल तर चार्जिंग 85 ला थांबवतो.

मागचे ड्रम अजून उघडायचेत. टायरवरचा आकडा 2319 आहे, म्हणजे ते 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेले, जुने झालेत, तेव्हा पुढचा खर्च तिकडेच. मागच्या रविवारी आईला पुन्हा गायमुखवरून नेलं, उतारावर मी मुद्दाम दोनदा ब्रेक दाबून बघितला. मावशीच्या बिल्डिंगखाली उतरताना ती एवढंच म्हणाली, "आज गाडी नीट थांबत होती रे."