स्कूल बसचा स्टॉप बदलून घेतला, त्याचा माझा अनुभव (नागपूर)

माझी मुलगी पहिलीत आहे, आम्ही बेसा रोडला राहतो आणि तिची शाळा हिंगणा रोडकडे, म्हणजे बसशिवाय पर्याय नाही. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, तशी यंदाही उघडली आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की दुपारी बस आमच्या समोरच्या बाजूला थांबते, मुलं उतरतात आणि बसच्या पुढून धावत रस्ता ओलांडून इकडे येतात. मागून टिप्पर, सिटी बस, टू व्हीलर सगळं सुसाट. आणि बसमध्ये लेडी अटेंडंट नाही, क्लीनरचं पोरगं दरवाज्यात लटकलेलं.

ड्रायव्हर भाऊंना सांगितलं तर ते म्हणे, "रूट असाच आहे मॅडम, मालकाशी बोला." मालक म्हणे शाळेनं स्टॉप दिलाय. शाळेच्या ऑफिसमध्ये गेले तर म्हणे बस आमची नाही, कॉन्ट्रॅक्टरची आहे. इथेच बहुतेक पालक थकतात आणि स्वतः स्कूटीनं नेआण सुरू करतात, पण प्रत्येकाला ते जमत नाही ना, नोकरीवाले आई-बाप काय करतील.

मग मी नियम वाचायला बसले. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत आणि त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायलाच पाहिजे असं लिहिलंय. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि सदस्यांमध्ये पालकांचा प्रतिनिधी, त्या भागातले वाहतूक पोलीस निरीक्षक, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभागाचा माणूस, बसवाल्यांचा प्रतिनिधी. आणि महत्त्वाचं म्हणजे स्टॉप ठरवणं, बसची फी, गाडीचे कागद तपासणं हे सगळं याच समितीचं काम. शाळा आणि बसवाला यांच्यात करारही लागतो. म्हणजे "बस आमची नाही" हे उत्तर चालतच नाही! आपल्या नागपुरात तर हा विषय हायकोर्टापर्यंत गेलेला आहे, २०१२ मध्ये एका शाळकरी मुलाचा जीव गेल्यावर नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती.

म्हणून तोंडी बोलणं बंद केलं आणि साधा एका पानाचा अर्ज लिहिला. "माननीय मुख्याध्यापक तथा अध्यक्ष, शालेय परिवहन समिती" असा मायना मुद्दाम टाकला. तीनच गोष्टी मागितल्या : समितीची बैठक कधी झाली ते सांगा, नवीन बैठक लावा, आणि आमच्या बसचे फिटनेस, इन्शुरन्स, परमिट दाखवा. बसच्या इतर मुलांच्या पालकांच्या सह्या घेतल्या (व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे हो हो म्हणतात, सह्यांना मात्र दारोदार फिरावं लागलं) आणि ऑफिसात देऊन झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घेतली. पोच हातात असली की ऑफिसचा सूरच बदलतो, हे मी अगदी खात्रीनं सांगते. त्याच दिवशी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहिला, फिटनेस आणि इन्शुरन्सची तारीख तिथे कोणालाही दिसते. आमच्या बसची बरोबर होती, पण त्याच मालकाच्या दुसऱ्या एका बसचं फिटनेस संपलेलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडला.

थोडा वेळ गेला, आठवण द्यावी लागली, पण बैठक लागली आणि आरटीओचे निरीक्षक खरंच आले. त्यांनी शाळेच्या ग्राउंडवर बस उभी करून मागचं इमर्जन्सी दार उघडायला सांगितलं. उघडेचना! आतून तारेनं बांधलेलं होतं, कारण म्हणे चालताना खडखड वाजते. ड्रायव्हरनं पक्कड आणून तार कापली तेव्हा कुठं दार हललं. मी तिथेच उभी होते, पोटात गोळा आला. रोज त्याच मागच्या सीटवर मुलं बसून राहिली होती.

नंतर निरीक्षकांनी आम्हा पालकांना जे दाखवलं ते प्रत्येकानं बघावं असं आहे. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि माझ्या मुलीला बसच्या अगदी पुढे, बंपरजवळ उभं केलं. मला ती दिसलीच नाही. केसाची रिबनसुद्धा नाही, नुसतं मोकळं ग्राउंड. ते म्हणाले, मुलं बसच्या आत कमी आणि उतरल्यावर आपल्याच बसखाली जास्त सापडतात, पुढून जातात किंवा काही पडलं तर उचलायला वाकतात. मुलीला मी तेव्हापासून एकच शिकवलंय, काकांचा चेहरा तुला दिसत नसेल तर काकांनाही तू दिसत नाहीस, बाजूला सरकून लांब उभी राहा. बाटली पडली तर पडू दे.

आता बस पुढच्या चौकातून वळून आमच्या बाजूला थांबते. मागच्या काही घरांना यामुळे उशीर होतो आणि दोघा-तिघांनी त्यावरून मला ग्रुपवर सुनावलंही, त्यांचा त्रास खरा आहे पण मी मागे हटणार नव्हते. अटेंडंट मावशी आल्यात. त्या आधी स्वतः उतरतात, मुलाचा हात घरच्या माणसाच्या हातात देतात, मग पत्र्यावर दोन थापा मारतात आणि तेव्हाच बस हलते. शेवटच्या स्टॉपनंतर त्यांनी प्रत्येक सीटखाली बघायचं हेही बैठकीत लिहून घेतलं, कारण लहान पोरं झोपतात आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात बंद बसमध्ये मूल राहिलं तर काय होईल याचा विचारही नको.

संपलेल्या फिटनेसची ती दुसरी बस मालकानं काढून घेतली, पण तिच्या जागी आलेल्या गाडीचे कागद अजून समितीपुढे आलेले नाहीत. समितीची बैठक दर तीन महिन्यांनी घ्यायची असते, पुढच्या वेळी तो विषय पहिला घ्यावा असं पत्र मी देऊन ठेवलंय. कोणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर सांगा, शाळेचं नाव काढून देते.