कोकणातल्या घरासाठी डीह्युमिडिफायर निवडताना

रत्नागिरीच्या आमच्या घरात दर जुलैमध्ये पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी बुरशी चढते, म्हणून यंदा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारे यंत्र) घेतला. खोक्यावरचा ‘दिवसाला २० लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश सेल्सिअस तापमानाला आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. हवा कोरडी होत गेली की तेच यंत्र बरेच कमी पाणी ओढते, हे ध्यानात घेऊनच क्षमता ठरवावी. आपल्या उबदार, दमट हवेला कॉम्प्रेसरचे (फ्रिजसारखे, हवा थंड करून तिच्यातले पाणी काढणारे) यंत्र योग्य. स्वस्त, चिमुकली पेल्टिअर यंत्रे (कॉम्प्रेसरऐवजी विजेने थंड होणारी छोटी पट्टी असलेली) फार तर कपाटापुरती. टाकी रोज उपसण्याचा कंटाळा असेल (मला आहे), तर नळी जोडण्याची सोय पाहावी. यंत्रामुळे खोली थोडी तापते, हे मात्र दुकानदाराने सांगितले नव्हते. सध्या आर्द्रता ५५ टक्क्यांवर लावून, खिडक्या बंद ठेवून तो चालवतो आणि पुठ्ठे कोरडे आहेत.