येळवस, आणि बावीस पाट्या खत

आज मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडची येळवस, म्हणजे रानात पूजा करून सगळ्यांनी मिळून जेवायचा सण. रानातल्या कडब्याच्या खोपटीतली, म्हणजे कोपीतली भांडी आत्ता घासून झाली. अंग दुखतंय, पण चार ओळी लिहिल्याशिवाय डोळा लागणार नाही.

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या या काळ्या रानात आम्ही नऊ घरं एकत्र राहायला आलो, त्याला चौथं वर्ष लागलंय. विहीर सामायिक, औजारं सामायिक, शनिवारचं रात्रीचं जेवण एका चुलीवर. कामाच्या रीती आम्हाला नव्यानं शोधाव्या लागल्या नाहीत, त्या इथल्याच आहेत. सावड म्हणजे चोख हिशेब, तू माझ्याकडं एक दिवस, मी तुझ्याकडं एक दिवस. इर्जिकीत हिशेब नसतो. एकाचं काम अडलं की सगळ्यांनी जायचं आणि त्याच्याच रानात जेवायचं. तूर काढणं, बांध घालणं, विहिरीतला गाळ, सगळं या दोन रीतींवर निघतं.

अडलं ते संडासाच्या खड्ड्यापाशी.

2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस ज्यानं काढलेत, त्याला एका वेळी दहा लिटर पाणी संडासात सोडणं जिवावर येतं. आमचं दोन लिटरमध्ये भागतं. दोन खड्डे आहेत. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून भोवतीनं वाळू भरलीय. बंद खड्डा दोन वर्षं तसाच ठेवला की आत खत तयार होतं. कोकणातल्या कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करण्याचे प्रयोग केले, ते हे काम एका जातीच्या माथ्यावरून उतरावं म्हणून. हे मी इथं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आलोय.

पहिला खड्डा यंदा उघडायचा होता. चिठ्ठी निघाली माझ्या घराची आणि शेजारच्या घराची. गेल्या आठवड्यात शेजारच्या दादांनी शहरातून एक माणूस रोजानं आणला. खरं सांगतो, त्याला फाटकापाशी बघून माझ्या मनाला आधी बरं वाटलं. आपली सुटका झाली असं वाटलं. त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही.

तो माणूस माझ्याच वयाचा. फावडं टेकवून म्हणाला, "आज्यानं हेच केलं. बानं सोडलं. मी पैशापायी आलाव. ह्या कामाला आमच्याशिवाय कुणाला बोलवतेत का, सांगा." मला काहीच बोलता येईना. दिवसाची पूर्ण मजुरी त्याच्या हातावर ठेवली आणि काम आम्ही करू म्हणालो. चहा घेऊन तो गेला.

रात्री बैठक बसली, बारा वाजेपर्यंत आवाज चढलेले. दादांचं म्हणणं, फुकट करून घेत नव्हतो. तुरीला मजूर लावतो तसाच लावला. मला ते अजिबात पटत नाही. तूर कुणी काढायची हे जन्मावरून ठरत नाही. ज्या कामाला आपला हात लागू नये असं वाटतं आणि दुसऱ्याचा लागला तर चालतो, ते आपण पैसे देऊन टाळायचंच नाही. एवढं एक जमत नसेल, तर मातीची घरं बांधून आणि एका चुलीवर जेवून आम्ही वेगळं काय केलं?

परवा त्या खड्ड्यासाठी इर्जिक घातली. झाकण सरकवताना नाक आपोआप दाबलं गेलं. मग हळूच सोडलं. वास नव्हता. चहाच्या चोथ्यासारखं काळपट, भुसभुशीत खत. हातमोजे घालून मी खाली उतरलो. बाकीच्यांनी पाट्या ओढल्या. बावीस पाट्या निघाल्या, त्या लिंबाच्या आणि सीताफळाच्या आळ्यांत गेल्या. थोड्या वेळानं शेजारच्या वहिनी पदर खोचून आल्या आणि न बोलता पाट्या उचलू लागल्या. दादा आले नाहीत.

आज गावातली तीसेक माणसं येळवशीला आली होती. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, बिंदग्यात म्हणजे मडक्यात आंबील, पालेभाज्या आणि हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पंगतीत एका म्हाताऱ्या मामांनी विचारलं, "परवा खड्डा काढलाव म्हनं. ते खत कुटं घातलाव?" सगळ्यांचे हात थांबले. मी म्हणालो, "लिंबाला घातलंय, मामा." त्यांनी झाडाकडं एकवार बघितलं आणि म्हणाले, "मग भज्जीवर पिळायला एक आन की."

त्या माणसालाही जेवायला बोलावलं होतं. आला नाही. दादाही कोपीकडं फिरकले नाहीत. त्यांच्या घरी भज्जीचं पातेलं पाठवलंय, ते अजून परत आलेलं नाही.