स्लाइडचं दुसरं टोक

सुई मारायच्या आधी बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "मॅडम, कॅन्सर तर नाही न जी?" चंद्रपूरकडच्या, चाळिशीतल्या. डाव्या स्तनात सुपारीएवढी टणक गाठ. "तासाभरात सांगते, ताई," म्हटलं.

सुईने काढलेल्या पेशींची, गिम्झा रंग दिलेली पहिली स्लाइड मायक्रोस्कोपला लावली आणि चाळीसच्या लेन्सखाली जांभळा, वळलेला धागा दिसला. मायक्रोफायलेरिया, जंताचं पिल्लू! ऑइल टाकून शेपूट पाहिलं. टोकाला केंद्रकं नाहीत, अंगाभोवती पातळ आवरण. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, म्हणजे हत्तीरोगाचा जंत. विदर्भात आम्हाला तो नवा नाही, पण गाठीत सापडावा हे विरळाच.

त्याला इओसिनोफिल, म्हणजे जंतांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बिलगले होते. जंत जवळपास पाव मिलिमीटर लांब, या पेशी त्याच्यापुढे चिमुकल्या. गिळता येत नाही, म्हणून त्या अंगाला चिकटून आपले नारिंगी दाणे त्याच्यावर रिकामे करतात. दाण्यांतली विषारी प्रथिनं जंताला इजा करतात. दोन-तीन पेशी फुटून दाणे सांडलेलेही दिसत होते. किती वेळ बघत बसले!

गोळ्यांनी बरं होण्यासारखं आहे, या आनंदात मी खुर्चीवरून उठलेही. पण स्लाइडचं दुसरं टोक बघायचं राहिलं होतं. परत बसले.

तिथे पेशींचे दाट पुंजके. मोठी, वेडीवाकडी केंद्रकं. कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. आणि पुंजक्यांना लागून मॅक्रोफेज, शत्रूला गिळणाऱ्या रक्षक पेशी.

या मॅक्रोफेजनी मला कायम अस्वस्थ केलंय. जंत शरीरात मुक्काम ठोकतो तेव्हा इंटरल्युकिन ४ आणि १३ या निरोप्या प्रथिनांच्या प्रभावाखाली त्या मारायचं सोडून डागडुजीला लागतात. शहाणपणाचंच आहे ते, नाहीतर जंतापेक्षा आपल्याच ऊतींचं जास्त नुकसान व्हायचं. पण बऱ्याच गाठी मॅक्रोफेजना याच कामाला जुंपतात. मग या पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, मारेकरी टी पेशींना थोपवतात. इथल्या मॅक्रोफेज काय करत होत्या, हे गिम्झावर कळत नाही.

"जंत सापडलाय, ताई. पण गाठीचा तुकडाही तपासावा लागेल."

"हत्तीरोगाच्या गोळ्या वाटून गेले होते, मी खाल्ल्या नाही जी. त्यानंच झालं का?"

"नाही. गाठ त्यामुळे नाही झाली."

त्यांनी पुन्हा धरलेलं माझं मनगट सोडलं. रिपोर्ट घेऊन मी स्वतः सर्जनकडे गेले आणि दुसऱ्या दिवशीची बायोप्सी ठरवून आले.