सावित्रीच्या मागोमाग : महाबळेश्वर ते हरिहरेश्वर, तीन दिवसांत

महाबळेश्वरला पाच-सहा वेळा गेलो असेन, पण दरवेळी तेच. पॉइंट मोजायचे, मका खायचा, वेण्णा लेकवर फोटो काढायचे आणि परत. यंदा मार्गशीर्षात निघताना ठरवलं की एकच नदी धरायची आणि ती नेईल तिकडे उतरत जायचं. निघालो तिघं : मी, बायको आणि तिचे मामा. मामा अडुसष्ट वर्षांचे, गुडघे कुरकुरणारे, उत्साह मात्र आमच्या दुप्पट.

सुरुवात क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातून. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचं पाणी इथं गोमुखातून पडतं. यज्ञाला सावित्रीला यायला उशीर झाला, तिच्या जागी गायत्रीला बसवलं, मग सावित्रीने शाप देऊन देवांच्या नद्या केल्या, ही कथा मामांनी रांगेत उभ्या उभ्या सांगितली. भूगोलही कथेला साथ देतो. कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेला वळतात, सावित्री रागाने कड्यावरून थेट कोकणात उडी घेते. कृष्णेला समुद्र गाठायला सुमारे १४०० किलोमीटर चालावं लागतं, हिचं काम शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये आटपतं. मामांनी गोमुखातलं पाणी बाटलीत भरून घेतलं. नदीच्या मुखाशी ते समुद्रात सोडायचं, असा त्यांचा बेत होता.

तिथून आर्थर सीट. बाजारपेठेपासून बारा-तेरा किलोमीटर. सकाळी सातला पोचलात तर पार्किंगला तुम्ही आणि माकडंच असता. दहानंतर गेलात तर गाडी लावण्यातच अर्धा तास जातो. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी दरी सावलीत असते. त्यामुळे फोटो फारसे चांगले येत नाहीत, पण हवा स्वच्छ असते आणि खाली सावित्रीचं खोरं कसं चिरत गेलंय ते नीट उलगडतं. दुसऱ्या अंगाला जोरचं खोरं, म्हणजे कृष्णेची बाजू. मधल्या या चिंचोळ्या धारेवर उभं राहिलं की एकाच डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांना कसं वाटलं जातं ते डोळ्यांनी दिसतं. खालून येणारा वारा हलक्या वस्तू परत वर उडवतो म्हणून लोक बाटल्यांची झाकणं फेकून बघतात. सगळीच झाकणं परत येत नाहीत. कड्याच्या अंगावर त्यांचा सडा पडलाय. कृपा करून फेकू नका.

या जागेला नाव दिलं गेलं ते आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याचं. त्याची बायको आणि तान्ही मुलगी सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटजवळ, बोट बुडून गेली आणि तो या कड्यावर येऊन नदीकडे बघत बसायचा, अशी गोष्ट सांगतात. बाणकोट इथून दिसत नाही. तरी पुढचे दोन दिवस ही गोष्ट आमच्या गाडीत बसून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर प्रतापगड. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीत बांधलेला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला इतिहासात कायमचा गेलेला. गाडी बरीच वर जाते, पण पायऱ्या चुकत नाहीत. मामा भवानीमातेच्या देवळापर्यंत आले आणि तिथेच सावलीत बसले. बालेकिल्ल्यापर्यंत आम्ही दोघंच गेलो. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर असाच बेत करा, कारण देवळाच्या आवारातूनही कोकणाची बाजू छान दिसते. खाली झुणका-भाकरी आणि ताक झालं.

मग आंबेनळी घाट. महाबळेश्वरहून पोलादपूर चाळीसेक किलोमीटर, पण सपाट रस्त्याचा हिशेब इथे लावू नका. वळणं आवळ, काही ठिकाणी रस्ता एका गाडीपुरता. उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहा. मी शहाणपणा करून तिसऱ्यात उतरत होतो, ब्रेक दाबत होतो. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. अर्धा तास बाजूला थांबून चाकं गार होऊ दिली. त्याच थांब्यावर, काच धुळीने भरली म्हणून, मी मागच्या सीटवरची बाटली घेऊन काचेवर ओतली. पंचगंगेचं पाणी संपलं! मामा तासभर बोलले नाहीत.

पावसाळ्यात हा घाट टाळा. २०२१ च्या जुलैमध्ये इथे जागोजागी रस्ताच खचला होता आणि त्याच दिवसांत महाड पुराखाली गेलं होतं. हिवाळ्यात सावित्रीचं ते रूप खरं वाटत नाही. पोलादपूरनंतर ती शहाण्या मुलीसारखी रस्त्याच्या कडेने चालते. महामार्गावरचा जुना ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला तो हिच्याच पुरात. नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. आता गाड्या त्यावरून वेग कमी न करता जातात.

महाडला जेवण, पेट्रोल आणि चवदार तळं, हे क्रमाने. १९२७ च्या सत्याग्रहाची ही जागा बाजारातच आहे, दहा मिनिटं काढाच. हातात वेळ असेल तर गावाबाहेर महामार्गालगत गांधारपाले लेणी आहेत. आम्ही पायऱ्या बघितल्या, मामांकडे बघितलं आणि पुढे निघालो. आणखी एक. महाडच्या आसपास नदीत मगरी आहेत. काठावर ऊन खाताना दिसतात. पुलावरून बघा, हात-पाय धुवायला खाली उतरू नका.

पुढे महामार्ग सोडून टोळ फाट्याने आंबेत. इथवर नदीची खाडी झालेली असते : पाणी रुंद, संथ, काठाला कांदळवन. आंबेतचा पूल ओलांडून म्हाप्रळ आणि मग मंडणगड. हा पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होता, म्हणून निघण्याआधी महाडला विचारून घ्या. मंडणगडला पेट्रोल पुन्हा भरा आणि रोख पैसे काढा, पुढे दोन्हींची चणचण. महाडपासून वेळासला थांबे धरून तीन तास लागतात. मोबाइलची रेंज अधूनमधून जाते.

वेळासला मुक्काम घरगुती : तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. जागा आधी फोन करून ठरवावी, अचानक गेलात तर जेवणाची पंचाईत होते. कासवांची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात या, आमच्यासारखे डिसेंबरात नको. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाणकोट. किल्ला लहान, बांधणी टापटीप, वर जायला फार कष्ट नाहीत. इंग्रजांनी तो १७५५ मध्ये घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. व्हिक्टोरिया राणीचा जन्म १८१९ चा, त्यामुळे तिच्याशी याचा संबंध लावू नका. तटावरून समोर हरिहरेश्वरचा डोंगर, मधे सावित्रीचं तोंड, आणि जिथे नदीचं गढूळ पाणी समुद्रात शिरतं तिथे पाण्यावर एक रेघ. मॅलेटची बोट इथेच कुठेतरी बुडाली असणार. मामा म्हणाले, "वरून बघत बसण्यापेक्षा त्याने इथे येऊन बसायला हवं होतं." मग स्वतःच म्हणाले, "नाही, वरच बरं."

वेसवीहून बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीने जाता येतं. पंधरा मिनिटांत पलीकडे. रस्त्याने गेलात तर पुन्हा आंबेतचा वळसा. शनिवार-रविवारी रांग लागते, सकाळी लवकर जा. बोटीतून अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसतात. मामांनी रिकामी बाटली खाडीत बुडवून भरून घेतली. म्हणाले, "तेच पाणी आहे, फक्त चालत आलंय."

हरिहरेश्वरला अकराच्या सुमारास पोचलो आणि फसलो. इथली प्रदक्षिणा डोंगर कापून काढलेल्या पायऱ्यांनी खाली उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून होते, आणि ती फक्त ओहोटीला. आम्ही गेलो तेव्हा पाणी खडकांवर आपटत होतं. खानावळीतल्या काकूंनी हिशेब शिकवला : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण भरतीची वेळ. दत्तजयंतीच्या आदला दिवस, म्हणजे चतुर्दशी. चौदा पाऊण साडेदहा. भरती साडेदहाला, तर ओहोटी सहा तासांनी, पावणेपाचच्या आसपास. वद्य पक्षातही तसंच, प्रतिपदेपासून मोजायचं. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून पाणी उतरत असतानाच जा, चढत असताना नको. इथे लाटेने ओढून नेलेल्यांच्या गोष्टी गावात प्रत्येकाकडे आहेत.

मधल्या वेळात दर्शन. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असा क्रम आहे. पावणेपाचला खाली उतरलो. लाटांनी आणि वाऱ्याने खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. शेवाळाच्या खडकावर चपला घसरतात, पकड असलेले बूट हवेत. मामा काठी टेकत पूर्ण प्रदक्षिणा चालले, आमच्या पुढे.

परतीला म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणीमार्गे पुणं. पाच तास धरा. ताम्हिणीत अंधारात शिरण्यापेक्षा हरिहरेश्वरलाच मुक्काम करून पहाटे निघा. आम्ही तेच केलं. बाटली अजून मामांच्या देवघरात आहे, खारट पाण्याची.