चार टन माल, सात टनांचं मशीन

"माल चार टन, मग थंड करायचं मशीन चार टनांचं घ्यायचं. त्यात हिशोब कसला?" आमचे आप्पा म्हणाले. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मलाही ते पटलं होतं.

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग. भावकीतल्या दोघांचा माल धरून एका वेळी चार टन थंड होईल एवढी प्रीकूलिंगची, म्हणजे तोडलेला माल साठवण्याआधी झटपट गार करायची, खोली पॅकहाऊसला लागून बांधायची होती. तोवर आम्ही भाड्याच्या कोल्ड स्टोरेजला माल न्यायचो. सीझनमध्ये तिथे रात्री अकरापर्यंत नंबर लागत नसे आणि पेट्या उघडेपर्यंत देठ तांबूस पडलेले असायचे. कंटेनरवाले तर गरम माल आत घेतच नाहीत. कंटेनर थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करणं त्याचं काम नाही.

तीन कोटेशन आली. एक साडेतीन टनांचं, एक पाचाचं, एक नऊचं. खोली तीच, माल तोच. साडेतीनवाल्याला हिशोब मागितला तर म्हणाला, "वीस वर्षं हेच करतोय, अंदाज चुकत नाही." पण बँकेला प्रोजेक्ट रिपोर्टसोबत हीट लोडचा, म्हणजे किती उष्णता काढायची त्याचा, कागद हवा होता. तिथे अंदाज कोण घेणार?

मग दाजींना फोन लावला. ते पुण्यात एसीच्या डक्टिंगची कामं घेतात. ते म्हणाले, "आधी मालाचा टन आणि मशीनचा टन वेगळे कर. मशीनचा टन बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढी. तासाला ३,०२४ किलोकॅलरी. हा आकडा पाठ कर, बाकी सगळी बेरीज-वजाबाकी आहे."

एक किलो पाणी एका अंशाने थंड करायला एक किलोकॅलरी काढावी लागते. द्राक्षात ऐंशी टक्क्यांवर पाणीच, म्हणून तिथे ०.८६ धरायचं. माल आत येताना २८ अंश आणि बाहेर काढताना ४ अंश, म्हणजे २४ अंशांची उतरण. ४,००० गुणिले ०.८६ गुणिले २४, झाले ८२,५६० किलोकॅलरी. हा आकडा काही केल्या बदलत नाही. बदलतात ते तास. २४ तासांत काढायच्या असतील तर १.१ टन पुरतो, १२ तासांत २.३ आणि ६ तासांत साडेचार. तिथे माझी ट्यूब पेटली. साडेतीनवाल्याने १२ तास धरले होते आणि ते कुठे लिहिलं नव्हतं. आम्हाला तर सहा तासच हवे होते, कारण दुपारी पॅक झालेला माल रात्री स्टोअरला हलवून खोली पुन्हा मोकळी करायची होती. तासाच्या अटीशिवाय टनाचा आकडा सांगणं म्हणजे गाडी किती पळते विचारलं की "ऐंशी" म्हणण्यासारखं. कशात, ते सांगायचंच नाही.

मला वाटलं होतं, भिंतींतून बरीच उष्णता येत असेल. सगळे विक्रेते बोलतात ते भिंतीच्या फोमभरल्या पॅनेलच्या जाडीवर. खोली ६ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. भिंती, छत आणि तळ मिळून १०८ चौरस मीटर. १०० मिलीमीटरच्या पफ पॅनेलमधून दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण ०.२३ वॅट आत येतात. बाहेर ३८ आणि आत शून्य धरलं तरी साडेनऊशे वॅटच्या आसपास. तापलेल्या पत्र्याचं थोडं वाढवून हजार धरा. कपड्यांची एक इस्त्री! पाव टनापेक्षा जरा जास्त. पॅनेल चांगलं नको असं नाही. सांधे गळके असतील तर हे गणितच उरत नाही. पण कोटेशनमधला फरक भिंतींचा नव्हता.

पुट्ठ्याच्या पेट्यांनाही थंड करावं लागतं, त्याचे ०.२ टन. द्राक्षं श्वास घेतात, त्याची उष्णता गरम मालात थोडी जाणवते, थंड झाल्यावर मालाच्या टनाला पाच-सहा वॅट. दार आणि माणसं मिळून ०.४. शून्य अंशाच्या खोलीत काम करणारा माणूस पावणेतीनशे वॅट उष्णता सोडतो हे वाचून आप्पा आमच्या बाळूकडे बघायला लागले.

एवढं करून मी बेरीज खाली मारली आणि ऐटीत दाजींना फोटो पाठवला. उलट एकच ओळ आली, "पंखे कुठे आहेत?"

पंखे मी धरलेच नव्हते. पंख्याने गार होतं हे डोक्यात बसलेलं. पण बंद खोलीत फिरणारा पंखा जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. प्रीकूलिंगमध्ये तर पेट्यांच्या भोकांतून हवा जोराने ओढावी लागते. आमचे मोठे पंखे आणि कॉइलचे, म्हणजे खोलीतल्या गार नळ्यांच्या जाळीचे, पंखे मिळून ३ किलोवॅट, म्हणजे ०.८५ टन. भिंतींच्या तिप्पट! बेरीज ६.४ वर गेली, दहा टक्के हात राखून सात.

साठवणुकीची खोली नंतर बांधली तेव्हा हिशोब निराळा निघाला. तिथे दिवसभराचा लोड काढून तो १८ तासांच्या चालण्यात बसवायचा, कारण डिफ्रॉस्टला, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवायला, आणि वीज गेली तर वेळ हाताशी पाहिजे. पण ते काम अर्ध्या तासात उरकलं.

सात टन ठरल्यावर पाचवाला म्हणाला, "मग साडेसातचं देतो." दाजींनी शिकवून ठेवलेला प्रश्न मी टाकला, "किती सक्शनला साडेसात?" तो जरा थांबला. सक्शन म्हणजे कॉइलमध्ये गॅस ज्या तापमानाला उकळतो ते. एसीच्या तापमानाला, म्हणजे अधिक सातला, जो कॉम्प्रेसर साडेसात टन देतो तोच उणे पाचला जवळजवळ एक तृतीयांश कमी देतो. आम्हाला हवा शून्याला ठेवायची, म्हणजे गॅस उणे पाचच्या आसपासच उकळणार. कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, ४२ अंशांच्या उन्हाला धरा, असंही लिहून घेतलं. कॉइल मोठी मागितली. कॉइल लहान असली की ती फार गार ठेवावी लागते, ती हवेतलं पाणी पिळून घेते आणि देठ सुकतात. मग एवढा खर्च कशासाठी?

मार्चमध्ये पहिली बॅच लावली. सहा तासांनी भिंतीवरचा काटा एक अंश दाखवत होता. आप्पा खूश. मी मधल्या थरातली पेटी काढून मण्यात प्रोब, म्हणजे टोकदार थर्मामीटर, खुपसला. ११ अंश. पोटात गोळा आला. सगळा हिशोब रात्री अकराला पुन्हा मांडला, चूक सापडेना. मग बाळूच खाली वाकला आणि म्हणाला, "भाऊ, ताडपत्री जमिनीला टेकलीच नाय." हवा पेट्यांतूनच जावी म्हणून दोन थप्प्यांवर टाकलेल्या ताडपत्रीखालून चांगली चार बोटं फट होती. पंखे पेट्यांतून हवा ओढायचं सोडून त्या फटीतून ओढत होते. वर एका थप्पीतल्या पेट्या आडव्या लागलेल्या, भोकासमोर भोक नाही. गणित बरोबर होतं, हवेने आडवाट धरली होती. काठाला वाळूच्या पिशव्या ठेवल्या, पेट्या नीट लावल्या. पुढची बॅच सात तासांत उतरली. सहा नाहीच झाले. सुरुवातीला माल जेवढ्या वेगाने उष्णता सोडतो तेवढा सरासरीच्या हिशोबात धरलेला नसतो, म्हणून पहिल्या तास-दीड तासात खोलीचं तापमानच चढतं.

त्यानंतर आम्ही प्रोब दारालाच टांगला आणि वहीत दोनच रकाने पाडले, येतानाचा माल आणि तास. अकरा वाजता तोडलेला माल २८ ते ३०. गेल्या फेब्रुवारीत एकदा मजूर उजाडायला आले, नऊच्या आत तोडणी आटोपली आणि पहिल्या पेटीत १६ भरले. ती बॅच पाच तासांत निघाली. आता आप्पा मजुरांच्या मुकादमाला आदल्या रात्री स्वतः फोन करतात.